एनसीबीत जायचंय? मग सुरुवात पंचनाम्यापासून करा

परभणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय रसायनशास्त्र. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोत, म्हणजे एनसीबीत, अधिकारी व्हायचं तिने ठरवलंय. कोणती परीक्षा दिली की थेट तिथे जाता येतं, रोजचं काम कसं असतं आणि "असल्या लोकांच्या वाटेला जाऊ नकोस" म्हणणाऱ्या आईवडिलांना काय सांगायचं, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी स्टाफ सिलेक्शनमधून मुंबई कस्टम्सला प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर म्हणून लागलो, पुढे प्रतिनियुक्तीवर एनसीबीत गेलो आणि सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग अमली पदार्थांच्या केसेसमध्येच गेला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शेवटपर्यंत वाचा.

परीक्षेचा प्रश्न तसा सोपा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे: तुमचं मूळ खातं कोणतं असणार? एनसीबी बरीचशी उसन्या माणसांवर चालते. कस्टम्स, राज्यांचे पोलीस, सीमा सुरक्षा दल, महसूल गुप्तचर अशा ठिकाणांहून माणसं काही वर्षांसाठी येतात आणि परत जातात. महासंचालकसुद्धा आयपीएस किंवा आयआरएस अधिकारी असतो. थेट भरती होते, पण जागा मोजक्या. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, म्हणजे एसएससीच्या, सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत अलीकडे एनसीबीतलं सब-इन्स्पेक्टर किंवा ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसर हे पद दिसतं, वेतनस्तर ६, मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. त्याच परीक्षेतून सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचा इन्स्पेक्टर, कस्टम्सचा प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर आणि एक्झामिनरही होता येतं. ही पदं वेतनस्तर ७ ची, सुरुवात ४४,९०० पासून. कोणत्या वर्षी कुठे किती जागा निघतील हे त्या वर्षीच्या जाहिरातीवर असतं. वयाच्या आणि शारीरिक मोजमापांच्या अटीही पदागणिक वेगळ्या असतात, त्या जाहिरातीतच वाचा, क्लासवाल्यांच्या पत्रकात नको.

म्हणून पसंतीक्रम भरताना असं खातं निवडा जिथे अमली पदार्थांचं काम कधीच वाट्याला आलं नाही तरी तुम्ही मनापासून नोकरी कराल. मला कस्टम्सचं काम आवडायचं. बंदर, जहाजं, मालाची कागदपत्रं यांत मी रमलो होतो. एनसीबी त्यातूनच पुढे आली. फक्त एनसीबीसाठी पाच वर्षं अडून बसलेली आणि शेवटी हाती काहीच न लागलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलं हुशार होती, म्हणून वाईट वाटतं.

संस्थांची नावंही नीट लावून घ्या, कारण मुलाखतीला आलेली मुलंसुद्धा त्यांत घोळ घालतात. अमली पदार्थांविरुद्धचा मुख्य कायदा म्हणजे एनडीपीएस कायदा, १९८५ चा. त्याखाली १७ मार्च १९८६ रोजी एनसीबी स्थापन झाली आणि ती आज गृहमंत्रालयाखाली आहे. सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स हे निराळं खातं. त्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आणि ते अर्थमंत्रालयाखाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या अफूच्या परवानाधारक शेतीवर त्याची देखरेख असते. मंदसौर-नीमचकडच्या शेतात फुटपट्टी-साखळी घेऊन क्षेत्र मोजणं, बोंडाला चीर देऊन काढलेला चीक वजन करून सरकारजमा करणं, हेही नार्कोटिक्स अधिकाऱ्याचंच काम आहे. त्याचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत एवढंच. तिसरी संस्था महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय. तिचं मुख्य काम तस्करी पकडणं, पण बंदरातले सगळ्यात मोठे साठे पुष्कळदा तिच्याच हाती लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात टाल्क म्हणून दाखवलेल्या दोन कंटेनरमधून जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन निघालं, ती कारवाई डीआरआयची. आणि राज्याच्या पोलिसांनाही या कायद्याखाली पूर्ण अधिकार आहेत. एमपीएससीतून फौजदार होऊन मुंबईच्या अँटी नार्कोटिक्स सेलमध्ये गेलेला अधिकारी रस्त्यावरच्या केसेस केंद्राच्या अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त करतो. तुम्हाला महाराष्ट्रातच राहायचं असेल तर हा रस्ता कमी समजू नका. केंद्राच्या नोकरीत उद्या इम्फाळ आणि परवा जोधपूर अशी बदली होऊ शकते.

आता काम. इथे मी थांबून सांगणार आहे, कारण बहुतेकांच्या डोक्यात फक्त धाड असते.

समजा, दुपारी चार वाजता टीप आली: अमुक लॉजच्या अमुक खोलीत एक माणूस हेरॉइन घेऊन उतरलाय, रात्री माल पुढे जाणार. खबरी वर्षानुवर्षांचा आहे, खोटं बोलत नाही. तरी सगळ्यात आधी काय करायचं? गाडीत बसायचं नाही. आधी लिहायचं. एनडीपीएस कायद्याचं कलम ४२ सांगतं की मिळालेली माहिती लेखी नोंदवा आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे जाऊ द्या. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत शिरायचं असेल तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस का निसटला असता, याची कारणंही कागदावर हवीत. ही नोंद अजिबात केली नसेल तर केस तिथेच ढासळते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९ च्या कर्नैल सिंग निकालात हे स्पष्ट केलं: घाईच्या प्रसंगी नोंदीला उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल, नोंदच नसेल तर चालणार नाही. खबऱ्याचं नाव मात्र कुठेही लिहायचं नाही. माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, ते संरक्षण कलम ६८ देतं.

मग पंच. लॉजमध्ये रात्री आठ वाजता दोन स्वतंत्र, शहाणे आणि उद्या कोर्टात यायला तयार असलेले पंच मिळवून बघा, म्हणजे नोकरीची पहिली ओळख होईल. लोक येत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. तीन वर्षांनी समन्स येतं, रोज बुडतो, आरोपीचे लोक बाहेर उभे असतात. मी पंचांशी कायम आदराने वागायचो, त्यांना चहा पाजून पंचनाम्याची ओळन् ओळ वाचून दाखवायचो आणि मगच सही घ्यायचो. ज्याने खरोखर वाचून सही केली आहे तो साक्षीदार सहसा फितूर होत नाही.

खोलीत माणूस आणि बॅग दोन्ही सापडले. बॅगेची झडती वेगळी, अंगझडती वेगळी. अंगझडतीआधी कलम ५० प्रमाणे त्याला सांगायचं की जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. माणसं दोन असतील तर दोघांना स्वतंत्रपणे. "आमच्याच पथकातले साहेब राजपत्रित आहेत, त्यांच्यासमोर चालेल का?" असा तिसरा पर्याय द्यायचा नाही. २०१४ च्या परमानंद निकालात अशाच कारणांवर आरोपी सुटले. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, असा कायदाच आहे. त्यामुळे पथकात महिला अधिकारी नसली की सगळं अडतं. तुमच्या आईवडिलांना हे जरूर सांगा. मुलगी म्हणून तुमची या खात्यात अडचण होणार नाही, तुमची गरज पडणार आहे.

पुढे वजन, किटवर चाचणी, पाकिटं, लाखेचं सील, सीलच्या ठशाचा नमुना, पाकिटांवर पंचांच्या सह्या. वजनाचा आकडा इतका महत्त्वाचा का, तर शिक्षा त्यावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा. २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी, आणि जामिनाला कलम ३७ ची भिंत. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो, मेफेड्रोन म्हणजे एमडी या रासायनिक अमली पदार्थासाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. पाकिटाचं वजन धरलं की वगळलं, काट्याची शेवटची तपासणी कधी झाली होती, एवढ्यावर उलटतपासणीत तासभर जाऊ शकतो.

पूर्वी नमुने जागेवरच काढायचे. २०१६ च्या मोहनलाल निकालानंतर आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियमांनंतर ती पद्धत बदलली. आता माल सील करून मालखान्यात जातो, कलम ५२-अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर यादी होते, फोटो निघतात आणि नमुने तिथेच काढले जातात. माझ्या मते हा बदल अतिशय चांगला आहे. नमुना बदलला, हा बचावाचा जुना मुद्दा त्याने बराच बोथट झाला. नव्या फौजदारी कायद्यांनी १ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरणही आणलं. ज्याला सरळ काम करायचंय त्याला कॅमेऱ्याची भीती वाटायचं कारण नाही.

अटकेनंतर ४८ तासांत वरिष्ठांना कलम ५७ चा अहवाल. मग जबाब. आमच्या उमेदीच्या काळात कलम ६७ खाली आरोपीने दिलेला जबाब हा केसचा कणा असायचा. २९ ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालाने तो कणा काढून घेतला: एनसीबीचे अधिकारीही या बाबतीत पोलीसच, त्यांच्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. बरेच सहकारी नाराज झाले. मला तो निकाल पटला. जबाबावर उभी असलेली केस म्हणजे खांबाशिवायचं घर, आणि जबाब सहज मिळतो म्हटल्यावर अधिकारी बाहेरचा पुरावा शोधायला आळस करतो. आता फोनचा डेटा, सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, बँकेचे उतारे, कुरिअरच्या पावत्या, लॉजचं रजिस्टर, सीसीटीव्ही हे सगळं प्रमाणपत्रासह गोळा करावंच लागतं.

व्यापारी प्रमाणाच्या केसमध्ये आरोपपत्रासाठी १८० दिवस असतात. ऐकायला भरपूर वाटतात. प्रयोगशाळेचा अहवाल, मोबाइल कंपन्यांची उत्तरं, दुसऱ्या राज्यातला तपास यांत ते कसे संपतात हे कळतही नाही. मुदत चुकली की आरोपीला जामीन मिळतो आणि मग तो पुन्हा दिसेलच असं नाही. त्यानंतर काही वर्षांनी, तुमची बदली दुसऱ्या टोकाला झालेली असताना, साक्षीचं समन्स येतं. रात्रीचा प्रवास करून तुम्ही कोर्टात उभ्या राहता आणि वकील विचारतात, पंचनामा कोणाच्या हस्ताक्षरात आहे, लाइट होता का, सील त्या वेळी कोणाच्या ताब्यात होतं. तेव्हा आठवण कामाला येत नाही, त्या रात्री लिहिलेला कागदच कामाला येतो. या करिअरमध्ये माणूस मोठा होतो तो इथे. पकडलेल्या किलोंवरून मी कोणाला चांगला अधिकारी म्हटलं नाही, त्याच्या किती केसेस कोर्टात टिकल्या ते पाहिलं.

इथवरचं थोडक्यात: मूळ खातं विचारपूर्वक निवडा, आणि लिहिण्याचा कंटाळा असेल तर या वाटेला येऊ नका.

तुमच्या रसायनशास्त्राबद्दल मला विशेष बोलायचंय. हेरॉइन-कोकेन बाहेरून येतं, पण एमडी आपल्याकडे बनतं. ते २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत. अशा ठिकाणी आत गेल्यावर बहुतेक अधिकाऱ्यांना निळे ड्रम, काचेची भांडी आणि डोळे चुरचुरणारा वास एवढंच कळतं. कोणता ड्रम औषध कंपनीलाही लागतो आणि कोणता तिथे असायचं कारणच नाही, कशाजवळ ठिणगी जाता कामा नये, कच्च्या मालाच्या खरेदीची बिलं कुठल्या टोकाला ओढून न्यायची, हे रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला लवकर उमगतं. एफेड्रिन, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड यांसारख्या नियंत्रित रसायनांच्या नोंदी तपासण्याचं कंटाळवाणं काम असतं. मोठ्या केसेसचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं. शिवाय धाडीच्या बाजूला न जाताही तुम्हाला याच क्षेत्रात राहता येईल: केंद्रीय महसूल प्रयोगशाळांत केमिकल असिस्टंट, किंवा आपल्या राज्याच्या कलिन्यासारख्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत सहायक रासायनिक विश्लेषक. त्यांच्या अहवालाविना आमची एकही केस उभी राहत नाही. परभणीहून पुण्यामुंबईला क्लास लावण्याआधी याचा विचार करा. तुमच्या पदवीला हाच रस्ता जास्त साजेसा असू शकतो.

आता एक गोष्ट, जी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. पुडीसकट पकडलेला मुलगा आणि त्याला पुडी पुरवणारा माणूस यांच्यात फरक करायला शिका. कायदा तो करतो. स्वतःहून उपचाराला तयार झालेल्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४-अ खटल्यापासून सूट देतं. आकडे वाढवायचे असतील तर पिणारे पकडणं सोपं, रोज मिळतात. पण पिणाऱ्यावरून पेडलर, पेडलरवरून पुरवठादार, त्याच्यावरून पैसा लावणारा अशी साखळी वर चढायला महिने लागतात. कलम २७-अ पैसा पुरवणाऱ्याला धरतं आणि कलम ६८-एफ मालमत्ता गोठवतं. माझ्या अनुभवात तुरुंगाने ज्यांना फरक पडत नाही त्यांना फ्लॅट आणि गाड्या गोठल्या की फरक पडतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. शक्य झालं तर परवानगी घेऊन तिथे, नाहीतर तुमच्या जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात जा आणि पालकांचं ऐका. हे काम कोणासाठी करायचं, ते तिथे कळेल.

आईवडिलांची भीती खोटी नाही, म्हणून ती उडवून लावू नका. धमक्या येतात, क्वचित. त्याहून जास्त त्रास वेळेचा होतो: सण, लग्नं, मुलांच्या परीक्षा, सगळ्याला दांडी. पाळतीवर असलात की आज घरी येते की उद्या, हेही सांगता येत नाही. आणि खरा धोका आतून असतो. किलोभर मालाची किंमत कोटीत जाते आणि तो माल तुमच्या टेबलावर असतो. आमिष बंदुकीसारखं येत नाही, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येतं. आरोपीशी संगनमत केलेल्या अधिकाऱ्याला कलम ५९ खाली किमान दहा वर्षं शिक्षा आहे, आणि आकसाने झडती घेणाऱ्याला कलम ५८ खाली तुरुंगवास होऊ शकतो. ही दोन्ही कलमं मी नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच वाचायला द्यायचो.

दुसरा आतला धोका टीव्हीच्या कॅमेऱ्याचा. ऑक्टोबर २०२१ चं मुंबईचं, क्रूझ जहाजाशी संबंधित एनसीबीच्या धाडीचं प्रकरण तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्यात एनसीबीच्याच विशेष पथकाने पुढे मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून सहा जणांवर आरोपपत्र ठेवलं नाही. निर्दोष माणसाचा चेहरा एकदा घरोघरी गेला की नंतरचा कागद त्याला ते दिवस परत देत नाही. म्हणून कारवाईनंतर बोलायचं ते कोर्टात, आणि प्रेससाठी वरिष्ठांनी मंजूर केलेल्या चार ओळी पुरेत.

तुमच्या हातात हे वर्ष आहे. पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करा. सीजीएलची तयारी सुरू करा: गणित, इंग्रजी, सामान्य ज्ञान, त्यात वेगळं गुपित काही नाही. धावायची सवय लावा. एनडीपीएस कायद्याची कलमं ४१ ते ५८ मूळ मजकुरात वाचा, गाइडमधून नको. रोज एखाद्या घटनेचं पानभर वर्णन लिहा, त्यात वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं हे सगळं येऊ दे, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहू नका. जिल्हा न्यायालयात एनडीपीएसच्या खटल्याची तारीख असेल त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा. सुनावणी खुली असते, कोणी अडवत नाही. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी पूर्ण ऐका. ती ऐकून झाल्यावरही त्या पिंजऱ्यात उभं राहावंसं वाटलं, तर फॉर्म भरा. आणि वडिलांनाही सोबत न्या, त्यांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.